भोकाभोकांचे स्कार्फ

जळगावात एप्रिल-मेच्या दुपारी काहीच घडत नाही, असं बाहेरगावच्या लोकांना वाटतं. रस्ते ओस, शटर अर्धी खाली, कुत्रीसुद्धा नळाखालच्या ओल्यात पडलेली. पण माझ्या फॉल-पिकोच्या दुकानात सगळं घडतं ते नेमकं याच वेळी! गिऱ्हाईक येत नाही, कूलर घरघरत असतो, हात रिकामे. मग क्रोशाच्या सुया निघतात आणि तोंडंही सुटतात. चार उन्हाळ्यांत स्कार्फ किती विणले ते आठवत नाही, पण किस्सा एकही विसरले नाही. आमचे मिस्टर म्हणतात, "शोभा, तुझं कपाट उघडलं की सूत पडतं आणि तोंड उघडलं की किस्सा!"

पडू दे की. त्यातले चार-सहा सांगतेच.

*

सुरुवात झाली मनीषा सिस्टरपासून. ती एका दवाखान्यात नर्स. रोज स्कूटीवर जायचं, म्हणजे डोळे सोडून अख्खा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला. एकदा ब्लाऊज टाकायला आली तर गळ्यावर लालभडक घामोळ्या आणि त्यावर पावडरचा थर.

"शोभाताई, हा नायलॉनचा स्कार्फ बांधला तरी भाजते, नाही बांधला तरी भाजते. करू काय?"

मी तेव्हा टीव्हीवर टाकायला रुमाल विणत होते. बारीक सुती दोरा, मोठी मोठी जाळी. म्हटलं, याचाच स्कार्फ केला तर? आठ दिवसांत केला. फुंकर मारली तर उडेल इतका हलका.

शेजारी असोद्याच्या अक्का बसल्या होत्या. मुलाकडे राहतात, आमच्याच गल्लीत, पण जीव सगळा गावच्या केळीच्या बागेत. त्यांनी स्कार्फ उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, "अवं माय, हे त मासे धराचं जायं हाये!" असोद्याकडे जाळ्याला जायं म्हणतात.

"भोकातून ऊन नाही का येणार?" मलाही शंका आलीच.

"येऊ द्या. वाराही येईल ना!" म्हणत मनीषाने तो नळाखाली धरला, पिळला, बांधला आणि गेली.

संध्याकाळी हसतच परत आली. "सिग्नलला शेजारच्या गाडीवरची बाई म्हणाली, मॅडम, तुमचा स्कार्फ फाटलाय. म्हटलं, मुद्दाम फाडून घेतलाय, गार लागतं! ताई, तिने तुमच्या दुकानाचा पत्ता घेतलाय!"

अक्का सुई उचलून म्हणाल्या, "मंग मले पन शिकव जायं विनाले."

*

तो पहिला स्कार्फ पांढरा होता. दवाखान्यातल्या मेट्रनबाईंनी मनीषाला दारातच अडवलं.

"सिस्टर, ड्रेसिंगचा गॉझ घरी न्यायचा नसतो!"

मनीषाने तो सोडून त्यांच्या हातात दिला. मेट्रनबाईंनी ओलसर सूत कपाळाला लावलं आणि डोळे मिटले. पुढच्या आठवड्यात त्यांची ऑर्डर आली. "अबोली रंगात करा. पांढरा नको, लोकांना गॉझ वाटतो!"

*

अक्कांना अक्षर येत नाही. नमुन्याचा कागद त्यांच्या कामाचा नाही. मग मी मोबाईलवर व्हिडिओ लावून देई. कुठल्या परदेशातली गोरी बाई, तिचं इंग्रजी मलाही कळायचं नाही. अक्का मात्र तिच्या बोटांवर नजर लावून बसत.

एके दिवशी एकदम ओरडल्या, "चुकली! चुकली ते बाई!"

"अक्का, ती मोठी एक्स्पर्ट आहे. लाखो लोक बघतात तिला."

"पाहू दे. तिनं एक खांब गायला. उसव म्हना तिले!"

खांब हा क्रोशाचा टाका, आणि अक्कांच्या बोलीत गायला म्हणजे गाळला. आम्ही सगळे हसलो. व्हिडिओतली बाई पुढे विणतच होती. एक ओळ झाली, दुसरी झाली. मग ती थांबली, विणकाम जवळ घेऊन टाके मोजले, कॅमेऱ्याकडे बघून "ओह नो" म्हणाली आणि सरसर उसवायला लागली!

अक्कांनी पदर सावरला. "इतक्या लांबून सांगतलं, तरी आयकलं बिचारीनं!"

*

आता नाना. अमळनेरकडचे. उमेदीची सगळी वर्षं ट्रक चालवण्यात गेली, आता रिटायर होऊन आमच्या मागच्या गल्लीत राहतात. बायकोचा ब्लाऊज न्यायला आले आणि उन्हामुळे थोडं टेकले. माझ्या हातातली सुई बघून म्हणाले, "हाई काय शे?"

म्हटलं, क्रोशा.

"माले दे." घेतली. ट्रकच्या ताडपत्रीच्या गाठी मारलेली बोटं ती! आठवडाभरात माझ्यापेक्षा सरळ ओळ काढायला लागले. सुताची बाज त्यांनी लहानपणी विणली होती, त्यामुळे हाताला दोऱ्याची ओढ माहीत होती. दुसऱ्या उन्हाळ्यात तर वेलीचा नमुना त्यांनी स्वतःच बसवला.

चहाच्या टपरीवर हे कळलं तसे दोस्त सुटले. त्यातले एक आबा जास्तच. "नाना, आता बांगड्याच भर!"

नाना विणत राहिले. मे महिन्यात एका लग्नाची वरात निघाली, भर दुपारी. बँड, धूळ, डोक्यावर आग. सगळे पुरुष जाड टॉवेल डोक्यावर घेऊन घामाने निथळत होते आणि नाना मात्र ओला जाळीचा स्कार्फ उपरण्यासारखा गळ्यात टाकून नाचत होते! मांडवात पोचेपर्यंत निम्म्या वऱ्हाडाने तो हात लावून पाहिला. नवरदेवाच्या बापाने तर मागूनच घेतला.

दुसऱ्या दिवशी आबा दुकानाच्या पायरीवर हजर. इकडे तिकडे बघत म्हणाले, "नाना, माझ्यासाठी पण एक..."

नानांनी वर न बघता उत्तर दिलं, "देसू ना. पन पयले बांगड्या भरनं पडतीन माले. थोडा टाइम लागी!"

*

धुळ्याला एका मोठ्या हॉलमध्ये महिलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं. दोन बॅगा स्कार्फ भरून आम्ही चौघं सकाळच्या एसटीने निघालो. नाना म्हणाले, मी हमाल म्हणून येतो. अक्कांनी आदल्या दिवसापासून दोन साड्या बदलून पाहिल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हातचं काही घेऊन चार लोकांसमोर बसणार होत्या त्या.

दारातच आयोजक मॅडमनी बॅग उघडून पाहिली.

"स्कार्फ? मे महिन्यात? अहो, हिवाळ्यात या!"

"मॅडम, हे उन्हाळ्याचेच आहेत..."

"आतले स्टॉल भरलेत. हवं तर बाहेर बसा."

बाहेर म्हणजे पत्र्याच्या शेडच्याही पलीकडे, कडुलिंबाच्या अर्ध्या सावलीत. आत कूलर, रांगोळ्या, फुगे. अक्कांचा चेहरा एवढासा झाला. "चाल वं शोभा, घरी जाऊ," म्हणाल्या. खरं सांगते, मलाही रडू येत होतं.

मनीषा मात्र उठली. समोरच्या घरातून बादली मागून आणली, पाणी भरलं, स्कार्फ बुडवले. एक अक्कांच्या डोक्यावर, एक नानांच्या, एक माझ्या, एक स्वतःच्या. बाकीचे फांद्यांना बांधले. पिवळे, मोरपंखी, डाळिंबी, वाऱ्यावर हलताहेत. "आता बसा," म्हणाली, "सरबत प्यायल्यासारखा चेहरा करून!"

आम्ही बसलो. तासभर कोणी फिरकलं नाही.

आणि बरोबर साडेबाराला हॉलची लाइट गेली.

कूलर बंद, पंखे बंद, वर पत्रा तापलेला. दहा मिनिटांत आतली माणसं पदराने वारा घेत बाहेर आली. बघतात तर झाडाखाली चार माणसं गार बसलेली! पहिल्या बाईने विचारलं, दुसरीने बांधून पाहिला, तिसरीने मैत्रिणीला हाक मारली. मग कोण कोणाच्या हातात काय देतंय तेच कळेना. फांद्या रिकाम्या झाल्या, बॅगा रिकाम्या झाल्या. नानांच्या डोक्यावरचाही गेला.

शेवटी गर्दीतून एक हात पुढे आला. घामाने मेकअप उतरलेल्या आयोजक मॅडम. "मावशी, एखादा उरलाय का हो?"

एकच उरला होता, अक्कांच्या डोक्यावरचा. अक्कांनी तो सावकाश सोडला, बादलीत बुडवला, पिळला, स्वतःच्या हाताने मॅडमच्या गळ्याभोवती बांधला. नीट गाठ मारली.

आणि म्हणाल्या, "आता हिवाळ्यातबी याजो बरं का, बाई!"

*

मागच्या वर्षी मनीषा एका मुलीला घेऊन आली. मयूरी, पहूरची, बीएस्सीला. तिची केमो चालू होती. डोक्यावर साटीनचा रुमाल, तो सारखा घसरायचा.

"काकू, परीक्षा द्यायचीय. विग घातला तर डोकं उकळतं. हा रुमाल सारखा मागे जातो. लिहू की सावरू?"

हॉलमध्ये मुलांसमोर रुमाल घसरेल, या भीतीने ती पेपरच सोडायला निघाली होती. मनीषाने हे मागून हळूच सांगितलं.

नानांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "पोरी, जरा रुमाल काढशील?"

तिने आमच्याकडे पाहिलं. मग काढला. नानांनी टेप घेतली आणि एखाद्या मोठ्या गाडीचं माप घ्यावं तसं गंभीरपणे तिच्या डोक्याचं माप घेतलं. दोनदा. कपाळापासून मानेपर्यंत डोक्याबरोबर बसणारी पट्टी, मागे मोकळा सोडलेला लांब पदर. गाठ नाही, पिन नाही. रंग तिनेच निवडला, कैरीचा हिरवा.

"डोक्यावर भोकं नकोत ना?" मी विचारलं.

"असू द्या काकू. जरा हवा लागू द्या."

तिने सगळे पेपर दिले. मग उपचारांसाठी मुंबईला गेली आणि फोन लागेनासा झाला. मनीषालाही काही कळेना. नाना रोज विचारायचे, मग विचारायचे बंद झाले.

यंदा गुढीपाडव्यानंतरच्या दुपारी दुकानासमोर स्कूटी थांबली. हेल्मेट घातलेली मुलगी आत आली आणि कैरी रंगाचा स्कार्फ काउंटरवर आपटला.

"नाना, तुमचं माप चुकलंय! हा मला बसत नाही!"

आवाज ओळखीचा होता, पण नानांना रागच आला. सुई ठेवून उभेच राहिले. "मन्हं माप? मन्हं माप कधी चुकत नही!"

मयूरीने हेल्मेट काढलं. काळेभोर, दाट, कुरळे केस. कानाखालपर्यंत.

अक्कांच्या मांडीवरून सुताचा गुंडा खाली पडून दारापर्यंत गेला, कोणी उचलला नाही.

नानांनी चष्मा पुसला. टेप घेतली. तिच्या डोक्याभोवती फिरवली. दोनदा. पुन्हा चष्मा पुसला.

"दीड इंच," म्हणाले, "वाढावनं पडी."