एका वजनाचे दोघे

मास्तर बॉक्सिंग पाहायला बसले की ठोशाकडे पाहतच नसत. ते टाचांकडे पाहत. आम्ही एखादा झकास ठोसा हाणून आशेने त्यांच्याकडे वळावं, तर त्यांची नजर आपली जमिनीवर. "हात दाखवाले असते, टाच टिकाले," एवढंच म्हणत आणि विडी पेटवत.

फौजेतून परतलेला हा माणूस इचोड्याच्या शाळेत ड्रिल मास्तर होता. गावाबाहेर कापसाच्या जिनिंगचं एक रिकामं गोदाम होतं. तिथे संध्याकाळी त्यांची तालीम चाले. पोत्यात सरकी आणि वाळू ठासून केलेली बॅग आढ्याला टांगलेली. समोरच्या ढाब्यावर ट्रक थांबत आणि ड्रायव्हर लोक चहा पिता पिता आम्ही खाल्लेला मार पाहत. तेव्हा आमचा जिल्हा आंध्रात होता. हैदराबादेत राज्याच्या स्पर्धेला जिल्ह्यातून एका वजनाचा एकच गडी जाई.

मिडलवेटचा तो गडी मीच, हे मी मनोमन ठरवून टाकलं होतं. अशात बेज्जूरकडून शिकायला आलेला किसन तालमीत शिरला. माझ्याच वजनाचा, माझ्याहून लहान, आणि मेल्याचे हात असे चालत की ड्रायव्हर हातातला चहा विसरत. पहिल्या दिवसापासून तो माझ्या डोळ्यांत सलला. त्यात मास्तर त्याला शिव्या देत. लाडका कोण हे तालमीत शिव्यांवरूनच कळतं. त्याच्या वाट्याला रोज एक तरी खमंग शिवी, आणि मला आपलं "बरं हाय". जीव नुसता जळायचा.

पोरगा तयार आहे, असं सगळेच म्हणू लागले. ढाब्याचा मालक एकदा म्हणालाही, "पाठवा ना त्याले मास्तर. काऊन थांबून राह्यले?"

"इथं सारे त्याचे मैतर हायेत," मास्तर म्हणाले. "मैतर मारते तवा हात आखडते. हैदराबादेत कोनी आखडनार नाही."

आणि एका संध्याकाळी त्यांनी मला किसनसमोर उभं केलं. मला वाटलं, आज निवड आहे; जिंकेल तो हैदराबादला. मी हात आखडला नाही. त्याला मिळालेल्या एकूण एक शिवीचा हिशेब मी त्याच्या तोंडावर चुकता केला. किसनचं नाक फुटलं, तो मागे जाऊन बॅगेवर आदळला. मी ऐटीत मास्तरांकडे पाहिलं. ते किसनच्या टाचा पाहत होते.

तो परत आला. रागावला असता तर मी त्याला तिथेच लोळवला असता, पण तो रागावलाच नाही. नाक पुसलं, टाचा रोवल्या, माझे दोन ठोसे शांतपणे चुकवले आणि बरगडीत असा एक दिला की मी खालीच बसलो.

"तयार हाय," मास्तर म्हणाले. मग मला पाणी देत, मोठं बक्षीस दिल्यासारखे म्हणाले, "त्याच्यावर जळनारा तूच एक होता रे. दुसऱ्या कोनाले असं मारता आलं असतं?"

म्हणजे माझं जळणंसुद्धा त्याच्याच कामी आलं!

किसनने हैदराबादेत नावाजलेल्या दोघांना हरवलं, तिसऱ्याशी गुणांवर हरला आणि पुढे खेळाच्या कोट्यातून पोलिसात लागला. मी गावातच शिक्षक झालो. मास्तर भेटेल त्याला "माहा किसन" सांगत फिरत. मी शेजारी उभा असलो तरी सांगत.

म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली. शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात उशाशी मी होतो. किसनला निरोप धाडला होता, पण त्याला रजा मिळत नव्हती. मास्तरांचं एकच चाललेलं, "किसन आला काय?" मी पेज भरवली तरी तेच, कूस बदलली तरी तेच. शेवटी वैतागून म्हणा, कीव येऊन म्हणा, मी म्हणालो, "आला, मास्तर." आणि त्यांच्या हातात हात दिला.

तालमीत इतकी वर्षं त्यांनीच आमच्या हातांना पट्ट्या बांधल्या होत्या. माझ्या बोटांच्या पेरांवरून त्यांनी सावकाश अंगठा फिरवला.

"किसनचा नाही, हा तं तुहा हात हाय," म्हणाले. आणि सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर गेले. किसन पोचला तो थेट अंत्ययात्रेला. माझ्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर थोपटत राहिलो, पण मनात एकच होतं: लेका, काल यायचं होतंस. तो हात बघायला तरी.