चेलोचा अल्बम

पोखर्णीच्या मुंजाजीचा जीव बायकोपेक्षा तबकड्यांच्या फोनोवर जास्त, असं कडूबाई स्वतःच सांगायची. लग्नसराईत तो फोनोचा कर्णा खांद्यावर टाकून गावोगाव फिरे. पण अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धाकानं लग्नं गुपचूप उरकत होती. फोनो कोण बोलावतो? त्यातच परभणी स्टेशनचा पारशी साहेब जीव मुठीत धरून मुंबईला निघाला. जाताना त्यानं मुंजाजीला एक अल्बम दिला. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, पानांच्या जागी काळ्या तबकड्या, विलायतेतलं नवं संगीत. "चेलो," साहेबानं वाद्याचं नाव सांगितलं. मुंजाजीला वाटलं, 'चलो' म्हणतोय. बिचारा उठून चालू लागला.

दिवेलागणीला दार लावून त्यानं एकामागून एक तबकड्या चढवल्या. गाणं नाही, ठेका नाही. खर्जातला लांबलचक हुंदका, थांबायचा आणि पुन्हा उसळायचा.

"बंद करा," कडूबाई म्हणाली. "बाप्या माणूस रडायलाय ह्यात."

मुंजाजीला मात्र बंद करवेना. इतकं सुंदर आणि इतकं अभद्र त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

आमच्याकडे बाई रडली तर शेजारीण येते. बाप्या रडला तर अख्खं गाव येतं, कारण घरात मयत झाल्याशिवाय तो रडतच नाही. मुंजाजीनं दार उघडलं तर अंगणात माणसंच माणसं. दोघांनी तिरडीला बांबूही आणलेले. पुढं निजामाच्या चौकीला खबरा देणारे पोलीस पाटील माणिकराव. तेवढ्यात कडूबाईचा भाऊ आश्रुबा धावत आला आणि त्या खुळ्यानं गळा काढला, "वैजीनाथ गेला का वं अक्का? म्या म्हणलंच व्हतं, कॅम्पात धाडू नगा."

मुंजाजीचा एकुलता एक पोरगा वैजीनाथ बोधनला कामाला आहे, असं गावाला सांगितलेलं. सरहद्दीपल्याडच्या कॅम्पात रझाकारांशी लढायला गेलेल्याचं घर जाळतात, हे लेकराबाळांनाही ठाऊक होतं.

"कोणता कॅम्प?" माणिकरावांनी हळूच विचारलं.

कडूबाईनं जमिनीवर अंग टाकलं. "बोधनला पटकी झाली वो पाटील. गेलं माझं लेकरू." मेलेल्याला कोण शोधतो? जित्या पोराच्या नावानं ती धाय मोकलून रडली.

मग दहावाही करणं आलं. गंगाखेडला नदीकाठी मुंजाजीनं पिंड ठेवला. पाटील शेजारीच उभे. कावळा शिवावा म्हणून लोक हात जोडतात. मुंजाजी मनात म्हणत होता, नरसिंहा, शिवू देऊ नको. पोर जितं असेल तर शिवणार नाही.

तो मागं सरतो न सरतो तोच कावळा झेपावला.

"सुटला बिचारा," पाटील म्हणाले.

घरी कडूबाई उंबऱ्यातच बसली होती. "शिवला का?"

मुंजाजी तिच्याकडं न बघता म्हणाला, "न्हाई."