जळत नाही, असं मी म्हणाले

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, प्रयोगशाळेत तर कुणालाच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझे कुणी नाही. ऐकताना समजूतदार चेहरा करणार असाल तर इथंच थांबा—मला तो चेहरा सहन होत नाही.

मी शिस्तीची बाई आहे. बेसा भागातल्या माझ्या घरी फ्रिजवर भाजीची यादी असते, ऑफिसच्या टेबलावर कामांची. नागपूरबाहेरच्या एका औषध कंपनीत माझं काम असं—पेप्टाइड नावाची नाजूक औषधं पाण्यात विरघळवून बाटलीत टिकवायची, आणि टोचून घेणाऱ्याला सोसतील अशी ठेवायची. या दोन गोष्टींचं एकमेकींशी पटत नाही. आमचं औषध हाडं ठिसूळ झालेल्या बायकांसाठी होतं. रोज, स्वतःच, पोटात टोचून घ्यायचं. द्रावण आंबट ठेवलं की महिनोन्महिने स्वच्छ राहायचं. आंबटपणा उतरवला की त्यात बारीक धागे तरंगायला लागायचे. पण आंबट द्रावण कातडीखाली जळतं. सुई नाही जळत, द्रावण जळतं.

माझं द्रावण आंबट होतं. सुनंदाचं नव्हतं.

सुनंदा माझ्या हाताखाली होती आणि मला ती आवडत नव्हती. का? तिचं टेबल पसरलेलं असायचं. काम करताना ती गुणगुणायची. आणि आंबटपणा उतरवूनही धागे येऊ न देण्याची युक्ती तिला सापडली होती—हे कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगत नव्हते. फक्त तिच्या बाटल्या किती टिकतात ते कळायला वेळ लागणार होता. माझं द्रावण तयार होतं.

आमच्याकडं एक रीत होती, कुठल्या नियमात नसलेली. द्रावण पुढं पाठवण्याआधी, औषध न घातलेलं, निर्जंतुक केलेलं तेच पाणी आम्ही सगळ्यांसमोर स्वतःला टोचून घ्यायचो. बायकांना जे रोज सोसायला सांगायचं, ते आपण एकदा तरी सोसावं, एवढ्यासाठी. मग साहेब विचारायचे, कसं वाटलं? बरंचसं त्यावर ठरायचं.

त्या दिवशी आधी सुनंदानं माझं द्रावण टोचून घेतलं. तिनं ओठ दाबून धरले. "मॅडम, लय जळून राहिलं. हे रोज नाही घेणार कोणी."

"काहून वं सुनंदा, मुंगी चावली का?" आमच्या प्रयोगशाळेतला नितीन म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

मग माझी पाळी. मी म्हणाले, आलेच.

कुठं गेले होते मी? इथवर येऊन मी दर वेळी थांबते. आजही थांबावंसं वाटतंय—पण नाही. मी बाथरूममध्ये गेले. एप्रनच्या खिशात नमुने थंड ठेवायची बर्फाची पिशवी होती. कडी लावून मी ती बेंबीशेजारी दाबून धरली, कातडी बधिर होईपर्यंत. ते किती जळतं हे मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी एकटीनं टोचून पाहिलं होतं. मग बाहेर आले, सगळ्यांसमोर सुई घेतली आणि म्हणाले, "कुठं जळतंय?"

एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? नाही थांबले. "तुझी आई उन्हात कापूस वेचते ना गं? आणि तुला एवढंसं सोसत नाही?"

सुनंदा म्हणाली, "तिच्याच वयाच्या बायांले द्यायचं हाय ना हे, मॅडम."

या वेळी कुणी हसलं नाही. पण साहेबांनी माझं द्रावण निवडलं. सुनंदाच्या द्रावणाची टिकण्याची चाचणी मी बंद करायला लावली. तिच्या बाटल्या रिकाम्या होईस्तोवर मी तिथं उभी होते. टाकण्याआधी एक उजेडात धरून पाहिली—धागा नव्हता. पुढं सुनंदा नोकरी सोडून गेली. मी तिच्या निरोपाला केक मागवला.

औषध बाजारात आलं. तक्रारी माझ्याकडं येतात. टोचण्याची पद्धत तपासा, असं मी सगळ्यांना कळवते. एकदा कामठीच्या एका बाईंचा फोन जोडून दिला गेला. "आग होते हो मॅडम. सुई पाहिली का रडूच येते मले. बंदच करून टाकलं मी."

मी म्हणाले, "आधी बर्फ लावून पाहा."

"तुम्ही घेतलं का कधी हे?"

"हो. मला नाही जळलं."

त्यांनी पुन्हा सुरू केलं की नाही, मला माहीत नाही. नंबर माझ्याकडं आहे. मी विचारलेलं नाही.

नव्या माहितीपत्रकात आता एक ओळ आहे—टोचण्याआधी त्या जागी थोडा वेळ बर्फ धरावा. ती मी लिहिली. मॅडमना पेशंटची काळजी आहे, असं साहेब बैठकीत म्हणाले. मी मान डोलावली.

आणि एक राहिलं. आदल्या दिवशी मी दोन सुया घेतल्या होत्या. दुसरी सुनंदाच्या द्रावणाची, पोटाच्या दुसऱ्या बाजूला. काही म्हणजे काहीच जाणवलं नव्हतं.