धुतलेला फिल्टर

११ एप्रिल, शनिवार. माशाच्या टाकीतलं अर्धं पाणी काढून नवं भरायचं काम. आठवड्यातली तिसरी वेळ. सौसरच्या शाळेतून पांढुर्ण्याला घरी आले, चहा न पिता पदर खोचला आणि नळीतून पाणी ओढायला गेले तर एक घोट पोटात गेला. टाकी चार फुटी, पाणी अडीचशे लिटर. म्हणजे आठ बादल्या न्हाणीत ओतायच्या आणि आठ परत आणायच्या. नवं पाणी आदल्या दिवशीच ड्रमात भरून ठेवलेलं, ब्लीचिंगचा वास उडावा म्हणून.

टाकीत मासा एकच. ऑस्कर म्हणतात त्याला, सिक्लिड जातीचा. सहा वर्षांपूर्वी नागपूरहून आणला तेव्हा काडेपेटीएवढा होता, आता फूटभर आहे. मी समोर उभी राहिले की काचेशी येतो, हातातून खातो, मनाजोगतं मिळालं नाही तर तळातले खडे उचलून काचेवर फेकतो. त्या शनिवारी तो पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होता आणि माझ्याकडे बघतही नव्हता. पाण्याचा नमुना घेऊन तपासणीचे थेंब टाकले. रंग हिरवागार झाला. म्हणजे अमोनिया, माशाला विषच. पाणी बदललं की दोन तास बरा राहायचा, मग पुन्हा वर.

हे सगळं झालं स्वच्छतेपायी.

ऑस्कर खातो फार आणि घाण त्याहून जास्त करतो. आधीचा फिल्टर टाकीच्या आत, काचेला चिकटवलेला होता. तो हा मासा धडका देऊन उपटायचा. म्हणून बाहेरचा घ्यायचं ठरवलं. हा फिल्टर म्हणजे झाकणाचा डबा. टाकीच्या खाली ठेवायचा. एका नळीने पाणी त्यात उतरतं, स्पंजातून आणि चिनी मातीच्या नळकांड्यांतून जातं, आणि मोटर ते वर परत ढकलते. ऐकायला सोपं आहे. निवडायला मला महिना लागला.

पांढुर्ण्यात माशांचं खाणं आणि प्लास्टिकची झाडं मिळतात, फिल्टर नाही. नागपूरच्या दुकानदाराला फोन केला.

"मॅडम, सर्वात मोठा घेऊन टाका, टेन्शनच नाही."

"तासाला किती लिटर फिरवतो?"

"दोन हजार."

"स्पंज भरल्यावर किती?"

"हे आतापर्यंत कोणी विचारलं नाही, मॅडम."

घरात वेगळाच गोंधळ. यजमानांचा संत्र्यांचा बगीचा आहे, झाडांना ठिबकने पाणी जातं, आणि ठिबकला फिल्टर असतो. त्यामुळे फिल्टर या विषयात ते आपलाच शब्द शेवटचा समजतात.

"काहून वं, बगीच्यात फिल्टर नाही का आपल्या? हजार झाडं पाणी पिऊन राह्यले त्याच्यावर."

"झाडं पाण्यात हगत नाहीत," मी म्हटलं.

तरी एक जुना फिल्टर बगीच्यातून आणून त्यांनी टाकीशेजारी उभा केलाच. आठ दिवस मी त्याला ठेचकाळले, मग परत पाठवला. शेवटी मी मधला घेतला. पाण्याचा जोर कमी, पण आतल्या टोपल्या मोठ्या, स्पंज आणि नळकांड्या भरपूर मावतील अशा. माशाला धबधबा नको असतो, सफाई हवी असते. टाकीखालची जागा टेपने मोजली, तिथलं शिलाई मशीन हलवलं आणि डबा बसवला. जुन्या फिल्टरचा काळा, बुळबुळीत स्पंज तसाच नव्यात घातला. त्या बुळबुळीत थरात जीवाणू राहतात. माशाच्या घाणीतून निघणारा अमोनिया तेच संपवतात. चार महिने उत्तम चाललं.

मग त्या शनिवारच्या आधीच्या सोमवारी मी शाळेत होते. यजमान ठिबकचे फिल्टर धुऊन बगीच्यातून आले होते. हात ओलेच होते, उत्साहही होता. त्यांनी माझा डबा उघडला, सगळं ब्रशने घासलं, नळाच्या धारेखाली धुतलं आणि गच्चीवर उन्हात वाळत घातलं. आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात पापड दोन तासांत वाळतात. मी घरी आले तेव्हा नळकांड्या दातांसारख्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"पाह्य, कसा चमकून राह्यला. तू त चार महिने हातच नाही लावला त्याले!"

मी बाजेवर बसले.

"काय झालं? तुटलं काय काही?"

"तुटलं काही नाही. सगळे मेले."

"कोन मेलं वं?"

मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मंग किडे पोसून राह्यली म्हनून सांगाचं नं आधी."

जास्त संताप आला तो यामुळे, की बोलणं खरं होतं. आठवीच्या वर्गाला मी हे जीवाणू फळ्यावर काढून दाखवते. घरात मी फक्त लिटर आणि इंच सांगितले होते. ठिबकचा फिल्टर जितका स्वच्छ तितका चांगला, आणि माझा धुतला की निकामी, हे त्या माणसाला कुठून कळणार?

नागपूरला बाटलीतले जीवाणू मिळतात, पण दुकानदार म्हणाला पाच दिवस लागतील. माशाकडे बघून पाच दिवस निघतील असं वाटत नव्हतं. उपाय एकच उरला होता, दुसऱ्याच्या चालू टाकीतला घाणेरडा स्पंज. शनिवारी बादल्या संपल्यावर मी शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं, "कोणाकडे माशांच्या टाकीचा न धुतलेला फिल्टर आहे का?" दोघांनी हात जोडले, एकाने विचारलं, "मॅडम, तब्येत ठीक आहे ना?" शेवटी सौसरच्या एका सहकारी बाईंचा निरोप आला. त्यांच्या सासूबाईंनी गोल्डफिश पाळलेत, सकाळी या.

"मी गाडी काढू काय?" यजमानांनी विचारलं.

"तुम्ही बगीच्यात जा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने सौसरला गेले. सासूबाईंनी बसवलं, पाणी दिलं, पोहे दिले. मग फिल्टर उघडला आणि त्यांचा चेहराच उतरला. स्पंज काळाकुट्ट होता.

"अगं बाई! असा कसा देऊ तुमाले? घरी आलेल्या मानसाच्या हातात आपन खरकटी वाटी बी देत नाही. दोन मिनिटं बसा, धुऊन आनते."

त्या मोरीपर्यंत पोचल्याही होत्या. मी पोह्यांची ताटली ठेवून धावले. "आजी, नळ सोडू नका! मला ती घाणच पाहिजे."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. "ह्या तुह्याच शाळेत शिकवते नं?"

त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, डब्यात घालून स्पंज दिला. डबा मात्र त्यांनी घासून, पुसून, लखलखीत करून दिला, आणि घाण दिल्याबद्दल दारापर्यंत तीनदा माफी मागितली.

दहाच्या आत घरी पोचले. स्पंज फिल्टरच्या वरच्या टोपलीत पिळला, मग तोच खाली दाबून बसवला, झाकणाचे खटके लावले, मोटर सुरू केली. टाकीतलं पाणी चहासारखं झालं. यजमान बगीच्यात गेले नव्हते. दारात उभे राहून बघत होते.

मासा अजून वरच होता. त्या सकाळी मी त्याला खायला काहीच घातलं नाही. खाल्लं की तो घाण करणार, आणि ती संपवायला आलेली मंडळी अजून थोडीच होती.