शंकरअप्पांचा मतलब

मानवतच्या पेठेत शंकरअप्पांच्या दुकानी तेल घ्यायला गेलेल्या माणसाला आधी भिंतीवरच्या तसविरीचा मतलब ऐकावा लागे. माप त्यानंतरच भरलं जाई.

ती तसवीर मीच काढलेली. निजामी संपून दोन-तीन वर्षं झाली होती. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि अप्पांच्याच दुकानामागच्या खोलीत राहत होतो. उंबऱ्यावर बसलेली एक बाई, मांडीवर गाठोडं, मागे उघडं दार, एवढंच चित्र. दुकानाची भिंत रिकामी दिसली म्हणून त्यांना दिलं.

"गठुडं म्हंजी प्रपंच," कपाळभर भस्म लावलेले अप्पा सांगत. "दार म्हंजी मोक्ष. दार उगडं हाय, तरी बाई उठंना. कामून? गठुडं सुटंना." रिकामी बाटली धरून गिऱ्हाईक मान डोलवी.

एकदा न राहवून मी म्हणालो, "अप्पा, मला हात नीट काढता येत नाहीत. ते झाकायला गाठोडं काढलं."

अप्पांनी कीव आल्यासारखं पाहिलं. "मास्तर, तुमी फकस्त काढलं. तुमाला काय म्हाईत?"

एका दुपारी अप्पा जेवायला घरी गेले नाहीत, म्हणून त्यांच्या पत्नी गिरिजाकाकू पहिल्यांदाच दुकानात डबा घेऊन आल्या. अप्पांनी एका गिऱ्हाइकाला मोक्षापर्यंत आणलं होतं. काकू चित्राकडे बघत राहिल्या.

"ही मायेरी जायला निघालीय," त्या म्हणाल्या. "कवाची बसलीय. न्यायला कुणी येईना."

"तुला कसं कळलं?" अप्पांनी विचारलं.

"तोंडावरनं. चिडून झालं, रडून झालं. आता नुसती बसलीय." मग सावकाश म्हणाल्या, "माझं बी गठुडं बांधून ठिवलंय. पाच वर्सं झाली."

अप्पा तेल ओतायला वळले. निम्मं बाटलीबाहेर गेलं.

काकूंचं माहेर वालूरला, म्हणजे काही फार लांब नव्हे. पण दुकान कोण बघणार, म्हणून अप्पा दरवेळी जाणं पुढच्या सणावर ढकलत. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप होतं.

आठ दिवसांनी अप्पा एकटेच परतले. काकू महिनाभर राहणार होत्या. मी विचारलं, "कसं झालं?"

अप्पांनी फडक्याने माप पुसायला घेतलं.

"सासरा ओसरीवर बसलेला. डोळं गेलेत म्हाताऱ्याचं. मी नाव सांगितलं, तर म्हणाला, कोण शंकरअप्पा? ही मागं उभी व्हती, मास्तर. नुसती खोकली. तेवढ्यावर म्हातारा म्हणाला, गिरजे, आलीस व्हय?"