सूर्याला न खपलेली कबर

सप्टेंबरात शुननं रजा टाकली आणि म्हणाला, "चल, काकांना विचारूनच येऊ." शुन आणि मी कोबेत कित्येक वर्षं एकत्र राहतोय. जपानमध्ये आम्हां दोघा पुरुषांना लग्न करता येत नाही. निदान मेल्यावर तरी त्याच्या घराण्याच्या कबरीत आमच्या दोघांच्या अस्थी शेजारी ठेवाल का, एवढंच विचारायचं होतं. कबर सांभाळतात त्याचे काका, आणि तिथे कोण जाणार हे तेच ठरवतात.

तुम्हांला काकांच्या गावाकडे जायचं असेल तर ओसाकाहून वाकायामाची जलद गाडी पकडा आणि तिथून नदीकाठानं जाणारी छोटी गाडी. ही फार कमी वेळा असते, वेळापत्रक बघून निघा, नाहीतर आमच्यासारखे फलाटावर ताटकळाल. शाकाहारी असाल तर स्टेशनजवळच्या कोनबिनी दुकानातून उमेबोशीचे, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचे, भाताचे त्रिकोण घ्या. स्वस्तात पोट भरतं. सप्टेंबरच्या शेवटी हिगान असतो, जपान्यांचा पितृपक्षच म्हणा. शेताच्या बांधांवर लालभडक फुलं असतात. सुंदर दिसतात, उगाच नाही कशाला म्हणू?

काका गाडी घेऊन आले होते. निवृत्त इतिहासशिक्षक, बोलका माणूस. वाटेत डोंगराकडे हात करून म्हणाले, "मंदार-सान, फार जुनी गोष्ट आहे ही. भर दिवसा अंधार पडला. किती दिवस झाले तरी सूर्य दिसेना. राणीनं चौकशी केली, तेव्हा कळलं की दोन देवळांचे पुजारी एका कबरीत पुरलेत."

"का पुरले?"

"एक आजारानं गेला. दुसरा रडत म्हणाला, जन्मभर सोबत होतो, आता कबर वेगळी कशाला? आणि प्रेताशेजारी पडून त्यानं जीव सोडला. मग कबर उकरून दोघांना वेगवेगळं पुरलं. लगेच ऊन पडलं!" काका खुशीत हसले. "जिवलग मित्र होते."

मित्र! मित्राच्या प्रेताशेजारी पडून कोण जीव देतं हो? काकांचं म्हणणं, दोष प्रेमाचा नव्हता, दोन देवळांची सरमिसळ झाली, हा होता. असेलही. पण मेलेल्या माणसांना उकरून काढून सूर्याची समजूत घातली, हे सांगताना हसू कसं येतं, ते मला कळेना.

कबर टेकडीवर होती. शुनच्या बाबांच्या अस्थी तिथेच आहेत. तिथे पोचल्यावर मी सवयीनं बूट काढून हात जोडले. काका गहिवरले. "इथे बूट चालतात, मंदार-सान. पण असा मित्र मिळायला भाग्य लागतं." शुन बादलीतून पळीपळीनं दगडावर पाणी घालत होता. पाठमोराच राहून त्यानं विचारलं.

काकांनी शेजारच्या कबरींवर आलेल्या लोकांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "जागा घराण्याची आहे. मंदार-सान, तुम्ही मित्र म्हणून केव्हाही या."

"त्या पुजाऱ्यांनाही तुम्ही मित्रच म्हणालात!" माझा आवाज चढला.

"हळू बोला, लोक बघताहेत."

बघू देत की! इतकी शतकं लोटली, पण भीती अजून तीच. फरक एवढाच की तेव्हा निदान कबर उकरावी लागली होती. आता सगळं आधीच, गोड बोलून उरकतात.

शुननं पळी बादलीत ठेवली. "मग काका, माझ्याही अस्थी इथे नकोत," म्हणाला आणि टेकडी उतरायला लागला.

घरी आल्यावर पुण्याला आईला फोन केला. आमच्याबद्दल कळल्यावर ती वर्षभर बोलली नव्हती. आता आधी शुन जेवला का, ते विचारते. सगळं ऐकून म्हणाली, "अरे, एवढं काय त्यात? दोघांच्या अस्थी एकत्र करून नदीत सोडायला सांगा. पाण्यातून कोण वेगळ्या काढणारे?"

शुनला सांगितलं तर तो खळखळून हसला.

"आईला सांग, चालेल," तो म्हणाला. "पण मला बाबांजवळ राहायचं होतं रे. तुझ्यासकट."