काचेखालची फुलं

हदगावजवळच्या शेतात एक बाई कपाशीच्या फुलांना दुसऱ्या वाणाचे पराग लावत होत्या. नाव मी विचारलं नाही. परागाच्या फुलांची त्यांची दोन टोपली. मधमाश्या बसू नयेत म्हणून एकावर तसबिरीची जुनी काच ठेवलेली. काच एकच, म्हणून दुसरं उघडं. काचेखालचे पराग लावले की देठाला लाल दोरा, उघड्यातले लावले की पांढरा.

"लाल दोऱ्याला बोंडं लई धरली, सर," त्या म्हणाल्या. "ऊन तर काचेतून बी जातंय. मग ती अडवती काय?"

"अतिनील किरण. दिसत नाहीत, पण परागाला मारतात. कॉलेजात मी तेच शिकवतो."

त्यांनी काच उचलून आरपार पाहिलं.

"तुम्ही कवा अडवून बघितले का?"

"नाही."

त्यांनी लाल-पांढऱ्या दोऱ्यांची दोन्ही रिळं माझ्या हातात दिली.